गाडीची वही

अण्णा गेले त्याला २०२३ साली बारा वर्षे झाली. त्यांच्या मागे वाटून घ्यावे असे फारसे काही नव्हते. पटपडगंजच्या सहकारी सोसायटीतली जागा आईच्या नावावर होती. पुस्तके माझ्याकडे आली, मनगटी घड्याळ धाकट्या भावाने पुण्याला नेले. उरली ती गाडी आणि गाडीची वही. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत हे कोणी न सांगता आम्हां दोघा भावांना कळले होते; आणि गाडी दिल्लीतच उभी असल्यामुळे वहीही माझ्याच वाट्याला आली.

वहीबद्दल आधी सांगितले पाहिजे. दोनशे पानांची, लाल कापडी पुठ्ठ्याची, कचेरीतल्या नोंदवहीसारखी ही वही अण्णांनी गाडी घरी आली त्या दिवशी सुरू केली आणि मृत्यूच्या आधी तीन आठवडे तिच्यात शेवटची नोंद केली. तिच्यात भावना कुठेच नाहीत. तारीख, मीटरवरचा आकडा, काय बिघडले, काय केले, किती पैसे लागले. '६ जून १९७६. शिवपुरीच्या पुढे बंद. पंप तापला. ओले फडके. चालू.' '२ जानेवारी १९७९. सकाळी बंद. पॉइंट जळलेले. कंडेन्सर बदलला. चालू.' '१२ ऑगस्ट १९८४. अर्थ सैल. घासला. घट्ट केला. चालू.' या शेवटच्या नोंदीवर मी एकदा मनापासून हसलो होतो. मुलांच्या निबंधांवर शेरे मारण्यात माझे आयुष्य गेले, पण 'अर्थ सैल' हा शेरा मला कधी सुचला नव्हता. जवळजवळ प्रत्येक नोंद 'चालू' या एका शब्दाने संपते. त्या शब्दाखाली अण्णा एक बारीक रेघ ओढीत.

गाडी म्हणजे १९७३ सालची फियाट. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. १९७४ सालापासून हिलाच 'पद्मिनी' हे नाव मिळाले. आमची त्याच्या आधीची, म्हणून घरात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. ती तयार झाली कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. ही कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे आणि अण्णाही सोलापूरचे. या माणसाने १९१९ साली सिंदिया कंपनी काढून इंग्रजांच्या जहाजांशी टक्कर घेतली, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला आणि मग मोटारी केल्या, हे अण्णा अशा अभिमानाने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावे, वालचंदशेठ आमच्याच आळीत राहत होते. इटालियन परवान्यावर निघालेली ही गाडी अण्णांच्या लेखी 'आपल्या गावची' होती.

ती मिळायला सात वर्षे लागली. पैसे भरून नोंदणी करायची आणि मग पत्राची वाट पाहत बसायचे, असा तो काळ होता. नोंदणी केली तेव्हा मी पहिलीत होतो. गाडी रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरसमोर येऊन थांबली तेव्हा मला मिसरूड फुटण्याची चिन्हे दिसू लागली होती. आईने चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला आणि उजव्या बाजूच्या दाराशी न जाता डाव्या बाजूने आत बसली. पुढची अडतीस वर्षे ती त्याच जागी बसली.

अण्णांना गाडी चालवण्यापेक्षा बंद पडलेली गाडी चालू करण्यात अधिक रस होता, असे मला पुष्कळदा वाटे. दर दोन वर्षांनी मे महिन्यात आम्ही सोलापूरला जात असू. आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे, तेव्हाचे औरंगाबाद, बीड आणि मग सोलापूर. शिवपुरीच्या पुढे भर दुपारी उतारावर गाडी श्वास कोंडल्यासारखी आचके देऊन थांबली, तो दिवस मला आठवतो. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून असतो. उन्हाने आणि इंजिनाने तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. एवढे सगळे अण्णांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून मला शांतपणे समजावून सांगितले. मग आईच्या पिण्याच्या पाण्यातले भांडेभर पाणी घेऊन फडके भिजवले आणि पंपावर गुंडाळले. वीस मिनिटे आम्ही पळसाच्या सावलीत बसलो. आई म्हणाली, "प्यायच्या पाण्यात आता गाडीचाही वाटा आला का?" अण्णा म्हणाले, "तिलाही तहान लागते."

त्यांची रीत ठरलेली होती. इंजिनाला तीन गोष्टी लागतात, ठिणगी, पेट्रोल आणि हवा. त्याच क्रमाने पाहायचे. आधी मधली जाड वायर काढून इंजिनाच्या लोखंडापासून चिमूटभर अंतरावर धरायची. निळी ठिणगी पडली तर ठीक, पिवळी पडली तर दुखणे तिथेच. मग पंपाची नळी काढून पेट्रोल उडते का ते बघायचे. आणि या सगळ्याच्या वरचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कशाने झाली हे कधीच कळत नाही. "गाडी चालू होणं वेगळं आणि आपल्याला कळणं वेगळं," असे ते म्हणत.

त्यांच्यानंतर मी दर रविवारी नोएडाहून येऊन गाडी काढीत असे. आईला डाव्या बाजूला बसवून अक्षरधामपर्यंत जाऊन यायचे, कधी पहाडगंजला मराठी नाटक असले तर तिकडे. २०१४ च्या नोव्हेंबरात हरित लवादाचा आदेश झाला की पंधरा वर्षांहून जुन्या गाड्या दिल्लीत रस्त्यावर आणायच्या नाहीत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्के केले. गाडी आवाराच्या आत आली ती आलीच. रविवारी मी ती चालू करीत असे, पुढेमागे चार-चार हात हलवीत असे आणि बंद करीत असे. पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझाऱ्यांशी मी त्याची तुलना करणार नाही. आमची गाडी वाघ नव्हती.

या आदेशाबद्दल मी कधी कडवट झालो नाही. आईला दमा आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती खिडक्या लावून बसते आणि उशाशी पंप ठेवते. अशा बाईच्या मुलाने पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनाच्या धुराची वकिली करू नये. आमच्या गाडीने वर्षाला किती धूर ओकला असता आणि हायवेवरचे ट्रक किती ओकतात, हा हिशोब मला येतो; पण दिल्लीत प्रत्येक जण हाच हिशोब करतो आणि हवा आहे तशीच राहते.

मग २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारचा विंटेज गाड्यांचा नियम आला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली खाजगी गाडी, मूळ रूपात जपलेली असेल, तर तिला विंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. रस्त्यावर ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला तेवढी न्यायची. म्हणजे भाजी आणायला नाही, नाटकाला नाही. तरी एक गोष्ट होती: कागदावर ती पुन्हा जिवंत होणार होती. आमच्या गाडीची पन्नाशी २०२३ मध्ये भरत होती.

त्याच वर्षाच्या ३० ऑक्टोबरपासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. शेवटची २००३ साली नोंदलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. भावाने पुण्याहून वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले आणि मागोमाग फोन केला. "आता तरी दे तिला भंगारात," तो म्हणाला. त्याचेही चूक नव्हते. आमच्या सोसायटीने नोटीस लावली होती: वापरात नसलेली वाहने ३१ डिसेंबरपर्यंत हलवावीत, त्या जागी विजेच्या गाड्या चार्ज करण्याची सोय करायची आहे. 'वापरात नसलेली' म्हणजे काय हे नोटिशीत लिहिले नव्हते, पण शेजाऱ्यांच्या नजरेत लिहिलेले होते. मी सेक्रेटरींना सांगितले की गाडी चालू स्थितीत आहे, विंटेजचा अर्ज करतो आहोत, जानेवारीपर्यंत थांबा. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, "चालू करून दाखवा, मी कमिटीला सांगतो."

चालू करून दाखवणे कठीण जाईल असे मला वाटलेच नाही. उलट मी थोडा पुढे गेलो. विंटेज समितीपुढे गाडी न्यायची तर ती नीटनेटकी दिसावी, म्हणून मी ती रंगवायला काढली. रंगारी आवारातच आला. त्याने सुटे होईल तेवढे सुटे केले, बॉनेटच्या आतली बाजूही घासून पुसून रंगवली आणि सगळे परत जोडले. कार्डावर पाहून मी राखी निळसर छटा निवडली होती. आई गॅलरीतून बघत होती. ती म्हणाली, "हा रंग नव्हता तिचा. थोडा हिरवट होता." मी म्हटले, "आई, पन्नास वर्षांत उन्हाने उडाला होता तो, तुला तसा वाटत होता." ती काही बोलली नाही. अण्णांनी गाडीवरचा एकही ओरखडा कधी बुजवला नव्हता, हेही ती बोलली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन अर्धा फेरा फिरले आणि थांबले.

पुढचे पंधरा दिवस मी अण्णांचा नियम कसा मोडला ते लिहिताना लाज वाटते. माझा पहिला संशय पेट्रोलवर. त्या वर्षी पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली होती. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुन्या गाडीतले रबर त्याला तोंड देण्यासाठी बनलेले नसते; पंपाचा पडदा फुगतो, नळ्या भुसभुशीत होतात. १९९८ साली दिल्लीच्या पेट्रोलमधून शिसे गेले तेव्हा अण्णांनी आता व्हॉल्व्हच्या बैठका झिजणार म्हणून दोन महिने काळजी केली होती. त्याच चालीवर मी इथेनॉलवर रागावलो. टाकी रिकामी केली, पंपाचा पडदा बदलला, कार्ब्युरेटर उघडून धुतला. त्याच दिवशी प्लगही नवे घातले. त्याच दिवशी पॉइंट घासले. ठिणगी पाहिली तर निळी होती, मधाच्या पोळ्यासारखा आवाज करणारी. गाडी तशीच कण्हली.

मग बॅटरी. दुकानदाराने मीटर लावून सांगितले की बॅटरी चांगली आहे. मी तरीही नवी घेतली. मग स्टार्टर उतरवून काश्मिरी गेटला नेला. १८५७ च्या सप्टेंबरात ज्या दरवाजाला इंग्रजांनी सुरुंग लावला, त्याच्या आसपास आज उत्तर हिंदुस्थानातला मोठा मोटारबाजार आहे. बेअरिंगांचे, क्लचप्लेटांचे, पिस्टनांचे ढीग, आणि त्यांतून वाट काढणारे हातगाडीवाले. फियाटचा माल विचारला की तरुण दुकानदार हसतात आणि एखाद्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवतात. असाच दाखवलेला एक म्हातारा मला तिथे भेटला. सगळे त्याला उस्ताद म्हणत, मीही म्हणू लागलो. सत्तरी ओलांडलेला, कानाने कमी ऐकणारा, बोटांची टोके ग्रीसने कायमची काळी झालेली. त्याने स्टार्टर जमिनीवर ठेवला, पायाने दाबून धरला आणि बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. स्टार्टर एवढ्या जोराने फिरला की त्याच्या पायाखालून निसटू पाहत होता. "इसमें कुछ नहीं है," उस्ताद म्हणाला. मी पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. काहीच केले नव्हते तर पैसे कसले, असा त्याचा भाव होता. मग त्याने विचारले, "धक्के से चलती है?"

हे मी करून पाहिले नव्हते. अण्णा गाडीला धक्का मारून घेणे शक्यतो टाळीत. वहीत 'धक्का' हा शब्द मला फार तर तीनदा सापडला आहे. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चार पहारेकरी लावले. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी एका हिसक्यात चालू झाली. आवाज एकसारखा, गोड. दहा मिनिटे चालू ठेवली, पहारेकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंद केली, किल्ली फिरवली. पुन्हा तेच कण्हणे.

आता विचार करणाऱ्या माणसाला एवढ्यावरून पुष्कळ कळायला हवे होते. ठिणगीला दोन-चार अँपिअर पुरतात. स्टार्टरला शंभराच्या वर लागतात. धक्क्याने चालू होते याचा अर्थ इंजिन, पेट्रोल, ठिणगी सगळे ठीक. बॅटरी ठीक, स्टार्टर सुटा ठेवला तर ठीक. जे काही बिघडले होते ते कोणत्याही वस्तूत नव्हते, वस्तूंच्या मधे होते. पण मी वस्तूच बदलत राहिलो. भावाला फोनवर मी म्हणालो, की बहुधा वायरिंगच पुरे बदलावे लागेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आणि मग ती मूळ रूपात राहील का?"

१७ तारखेच्या रविवारी उस्ताद मेट्रोने आला. गाडी त्याच्याकडे नेता येत नव्हती, म्हणून तो गाडीकडे आला. हातात कापडी पिशवी, तिच्यात चार पाने, एक पक्कड, पॉलिश कागदाचा तुकडा आणि बॅटरीला बॅटरी जोडायची जाड वायर. आधी त्याने काहीही न उघडता गाडीभोवती एक फेरी मारली. नव्या रंगावर तळहात फिरवला. "रंग कब हुआ?" त्याने विचारले. मी म्हटले, गेल्याच महिन्यात. त्याने मान हलवली. मला वाटले रंग आवडला.

किल्ली फिरवायला कोणी तरी हवे होते. मी बॉनेटपाशी त्याच्या मदतीला उभा होतो, पहारेकऱ्याला गाडीत बसवायला आई तयार नव्हती. ती स्वतःच आली. थंडीचे दिवस, अंगावर शाल, नाकावर मास्क. तिने उजव्या बाजूचे दार उघडले आणि स्टिअरिंगमागे बसली. त्या जागेवर मी तिला कधी पाहिले नव्हते. तिचे पाय नीट पोचत नव्हते, पण किल्लीपर्यंत हात पोचत होता.

उस्तादने दिवे लावायला सांगितले आणि मग किल्ली. स्टार्टर कण्हला, पण दिवे तसेच लख्ख राहिले. "बत्ती नहीं गिरी," तो स्वतःशीच म्हणाला. मला ते चांगले लक्षण वाटले; दिवे मंद होत नाहीत म्हणजे बॅटरी जोरात आहे. उस्तादच्या कपाळावर मात्र आठी पडली. त्याने पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. तो वाकून एकेक वायर हाताने चाचपू लागला. चौथ्यांदा की पाचव्यांदा आईने किल्ली फिरवली, आणि आतून तिचा आवाज आला.

"अरे, ही खुंटी गरम लागतेय."

"कुठली?"

"ही चोकची. हे ओढायचे ती."

मी म्हणालो, "असू दे आई, तू हात लावू नकोस." उस्तादला शब्द ऐकू आले नव्हते, पण मी काहीतरी मोडून काढले हे दिसले असावे. तो सरळ झाला आणि खिडकीशी गेला. "अम्मा, क्या कहा आपने? फिर से कहिए." आईने आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितले, की चोकची खुंटी तापली आहे. उस्तादने खुंटीला बोट लावले आणि लगेच काढले. मग हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते, हे तोवर मी पाहिले नव्हते.

त्याने जाड वायरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला अडकवले आणि दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला चावून धरायला लावले. "अब लगाइए, अम्मा." इंजिन पहिल्याच फेऱ्यात पेटले.

ते बंद करायला लावून तो मला समजावू लागला. समजावण्याची पद्धत थेट अण्णांसारखी, घाई नसलेली. बॅटरीतून निघालेला करंट वायरीने स्टार्टरपर्यंत जातो. परत यायला वायर नसते. तो इंजिनाच्या लोखंडातून गाडीच्या अंगात येतो आणि अंगातून बॅटरीत. पण इंजिन गाडीवर थेट बसवलेले नसते, रबरी गाद्यांवर बसवलेले असते, नाही तर सगळी गाडी थरथरेल. "रबर की चप्पल पहने आदमी को करंट लगता है?" नाही. म्हणून इंजिन आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक पट्टी असते. आमची पट्टी होती. जागेवर होती, घट्टही होती. मी ती रोज पाहत होतो. पण रंगाऱ्याने ती काढून तिच्याखालचे लोखंड छान, जाड रंगवले होते, आणि पट्टी रंगावर बसवून बोल्ट आवळला होता. तेव्हा स्टार्टरचा एवढा मोठा करंट परत येण्यासाठी वाट शोधत, इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत जाणाऱ्या चोकच्या बारीक तारेतून येऊ पाहत होता. तार बिचारी तापत होती. ठिणगीपुरते तेवढे भागत होते, स्टार्टरपुरते भागत नव्हते.

"साहब, इसे अर्थ नहीं मिल रहा था," उस्ताद म्हणाला.

इंग्रजी शब्द मिस्त्रींच्या तोंडी बसून असा झाला आहे. मी मराठी शिकवून निवृत्त झालो. मला त्या वाक्यापुढे उभे राहायला थोडा वेळ लागला. '१२ ऑगस्ट १९८४. अर्थ सैल. घासला.' चाळीस वर्षांपूर्वी उत्तर लिहून ठेवलेले होते आणि मी त्यावर हसलो होतो.

उस्तादने बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली आणि पॉलिश कागदाने रंग खरवडायला घेतला. रुपयाएवढे वर्तुळ. आधी माझा राखी निळसर रंग पावडरीसारखा उडाला. त्याच्याखाली दुसरा रंग लागला. बॉनेटच्या आत, कोपऱ्यात, पन्नास वर्षांत ऊन कधी न लागलेला. उस्ताद पुढे खरवडणार एवढ्यात आई म्हणाली, "थांबा." ती गाडीतून उतरून आली होती. तिने चष्मा वर करून वाकून पाहिले, आणि मग मला म्हणाली, "बघ."

हिरवट होता. शेवाळलेल्या दगडावर पाणी असावे तसा, राखीत मुरलेला हिरवा. मी चूक होतो. तिने पुढे काही म्हटले नाही; शाल नीट केली. उस्तादने त्या हिरव्याची एक कड राहू देऊन बाकीचा रंग खरवडला. त्याखाली विटकरी अस्तर लागले, आणि मग चकचकीत लोखंड. पट्टी बसवली, बोल्ट आवळला, वरून थोडे ग्रीस लावले. पाऊण तासाचे काम. या वेळी पैसे त्याने घेतले, पण मी दिले त्यातले अर्धे परत केले.

मग आई पुन्हा आत बसली. आता मी सांगितले नाही, उस्तादनेही नाही. तिने किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. तिसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी गॅलरीत आले, त्यांनी खाली पाहिले, हात वर केला आणि आत गेले. आई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. समोर भिंत होती, तिच्यापलीकडे रस्ता. एखादा मिनिट गेला असेल; धूर भिंतीला लागून मागे फिरू लागला आणि तिला खोकला आला. तिने इंजिन बंद केले. "पुरे. पेट्रोल जाळू नका," ती म्हणाली आणि मास्क सारखा करीत जिन्याकडे निघाली.

संध्याकाळी भावाला फोन करून सगळे सांगितले. त्याने उस्तादबद्दल दोन प्रश्न विचारले, चोकच्या खुंटीबद्दल तीन. "आई उजव्या बाजूला बसली होती?" असे त्याने दोनदा विचारले. भंगाराचा विषय त्या दिवशी काढला नाही. अर्जाचे काय करायचे ते मात्र राहिलेच होते. मूळ रूप म्हणजे मूळ रंगही धरतात की नाही, हे नियमात मला कुठे सापडले नव्हते. पण आता समितीचा प्रश्न नव्हता. पुन्हा रंगवायची तर पुन्हा सगळे सुटे करावे लागणार, पुन्हा पट्टी काढावी लागणार.

रात्री जेवण झाल्यावर मी वही काढली. अण्णांच्या शेवटच्या नोंदीनंतर मी तिच्यात काही लिहिले नव्हते. बारा वर्षांची पाने कोरी होती असे नाही, त्यांच्या नोंदीखालच्या ओळीपासून सगळीच कोरी होती. तारीख घातली, मीटरवरचा आकडा घातला. 'अर्थ नव्हता. रंग खरवडला. चालू.' बारीक रेघ ओढली. वही आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावून वाचली, माझ्याकडून पेन घेतले आणि रेघेच्या खाली आपल्या गोल अक्षरात लिहिले: 'रंग चुकला आहे.'